अर्ध्या तासात काय घ्याल?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात शिरलो, तर फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘भय्या, गाडी पकड.’ वर्गात नुकताच एक मुलगा दाखल झाला होता. वडील बिहारचे, आमच्या कोल्हापूरच्या बाजूला एका फाउंड्रीत कामाला. मी डस्टर उचललं, फळा पुसला आणि शिकवायला सुरुवात केली. विषय होता महायुद्धांची ओळख. कारणं सांगितली, सनावळ्या सांगितल्या, परिणाम सांगितले. मुलांनी वहीत उतरून घेतले. घंटा झाली.

घरी येताना मात्र चैन पडेना. ज्या युद्धाच्या मुळाशी ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ ही विभागणी होती, ते युद्ध मी शिकवत होतो आणि त्याच तासाला तीच विभागणी फळ्यावरून मुकाट्यानं पुसून टाकली होती. मुलांना युद्धाचा इतिहास नेमका कशासाठी शिकवायचा, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं पडला.

दुसऱ्या आठवड्यात मी पाठ्यपुस्तक मिटून ठेवलं आणि मुलांना विचारलं, “वळिवडे कुणाला माहीत आहे?” सगळे हसले. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावरचं, शहरापासून काही किलोमीटरवरचं हे गाव. त्याला लागून कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर. दिवाळीची खरेदी तिथूनच झालेली! पण याच जागी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, हे वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं.

ती इथवर आली कशी? 1 सप्टेंबर 1939 ला हिटलरनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. 17 सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सोव्हिएत राजवटीला नकोशी होती. त्यांत शेतकरी होते, वनरक्षक होते, शिक्षक होते, सैनिकांची कुटुंबं होती. 10 फेब्रुवारी 1940 च्या पहाटे ऐन हिवाळ्यात पहिली मोठी हद्दपारी सुरू झाली. दारावर थाप पडायची. सामान बांधायला कुठे अर्धा तास, कुठे थोडा अधिक वेळ मिळायचा. मग मालगाडीचे डबे आणि कित्येक दिवसांचा प्रवास करून सायबेरिया, नाहीतर उत्तर रशियाची जंगलं. पुढच्या लाटेतल्या अनेकांच्या वाट्याला कझाकस्तान आलं.

जून 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला. त्यानंतर झालेल्या करारामुळे या लोकांची सुटका झाली. 1942 मध्ये जनरल अँडर्स यांच्या पोलिश फौजेबरोबर एक लाखाहून अधिक माणसं इराणात पोहोचली. त्यांतल्या बायकामुलांना ठेवायचं कुठे? काही आफ्रिकेत गेली, काही मेक्सिकोला, काही न्यूझीलंडला. नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना बालाचडीत आश्रय दिला. आणि 1943 मध्ये कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत वळिवड्याची छावणी उभी राहिली. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटचं पथक, नाटकं. सायबेरियात उपाशी राहिलेली मुलं इथं शाळेत जाऊ लागली.

इथं शिक्षकानं जरा सावध राहायला हवं. ‘आपण किती मोठ्या मनाचे!’ एवढ्यावर धडा संपवला, तर मुलं टाळ्या वाजवतील आणि विसरून जातील. खर्चाची व्यवस्था ब्रिटिश सरकार आणि लंडनमध्ये आश्रयाला असलेलं पोलिश सरकार यांच्यामार्फत होत होती. त्याच 1943 साली बंगालमध्ये दुष्काळानं आपली लाखो माणसं मरत होती. हेही मुलांना सांगायला हवं. अडचणीचा काळ असूनही जागा झाली, एवढं खरं.

एवढं सांगून मी मुलांना एक काम दिलं. “पहाटे दारावर थाप पडली आहे. अर्धा तास आहे. काय काय घ्याल, लिहा.” कुणी मोबाइल लिहिला, कुणी चार्जर, कुणी क्रिकेटची बॅट. एका मुलीनं ‘आजी’ असं लिहिलं. त्या बिहारी मुलाची यादी वेगळी होती. कागदपत्रांची पिशवी, गव्हाचं पीठ, पातेलं, पाण्याच्या बाटल्या, आईची चप्पल. मी विचारलं, “चप्पल कशाला रे?” तो म्हणाला, “सर, लॉकडाउनमध्ये आम्ही गावाकडं निघालो होतो. आईची चप्पल वाटेत तुटली.”

वर्गात कुणी बोललं नाही. 1940 चं पोलंड आणि 2020 चा आपला हमरस्ता ही एकच गोष्ट नव्हे, हे मी नंतर समजावलं. बंदूक रोखून केलेली हद्दपारी वेगळी आणि टाळेबंदीत रोजगार गेल्यानं धरलेली वाट वेगळी. पण निघताना काय हाती घ्यावं, हे त्या वर्गात एकालाच अनुभवानं ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही गांधीनगरला गेलो. 1948 पर्यंत पोलिश लोक पांगले. बहुतेकांची गावं आता सोव्हिएत संघात गेली होती. घर असूनही परतायला जागा नाही! त्यांच्यानंतर या जागी फाळणीनं बेघर झालेली सिंधी कुटुंबं वसली. त्यांच्या हातांनी आजची ही बाजारपेठ उभी राहिली. वर्गातल्या एका सिंधी मुलीनं विचारलं, “सर, म्हणजे आम्हीपण बाहेरचेच का?” उत्तर मी दिलं नाही. फळ्यावर कुणी लिहिलं होतं हे मला ठाऊक नव्हतं, पण मुलांना ठाऊक असावं. दोघेतिघे खाली मान घालून उभे होते.

तेव्हापासून मी माझी पद्धत बदलली. जर्मनीविषयी बोलताना छळछावण्यांपासून सुरुवात करत नाही. भयंकर चित्रं पाहून मुलं हादरतात आणि ‘ते राक्षस होते, आपण तसे नाही’ म्हणून मोकळी होतात. मी 1933 पासून सुरू करतो. आधी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. 1935 मध्ये कायद्यानं नागरिकत्व काढून घेणं. 1938 मध्ये प्रार्थनास्थळांची जाळपोळ. प्रत्येक पायरीवर थांबून एकच प्रश्न विचारतो, “शेजारी त्या दिवशी काय करत होते?”

नुसत्या आठवणीनं माणूस शहाणा होतो, असंही नाही. 2022 मध्ये पोलंडनं लाखो युक्रेनियन निर्वासितांना घरात घेतलं. युक्रेनमधून निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांनाही त्यांच्या सीमेवरून वाट मिळाली. पण त्याच पोलंडनं आदल्याच वर्षी बेलारूसच्या सीमेवर आलेल्या इराकी, अफगाणी लोकांना मागे ढकललं होतं. आठवण तीच, दार मात्र एकाला उघडं आणि दुसऱ्याला बंद. म्हणून स्मारकापाशी फूल वाहून थांबता येत नाही. आज दाराशी कोण उभं आहे, हे दर वेळी विचारावं लागतं.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. तुमच्या गावी असं काही नसेल, तर जुनी चावडी पाहा. 1914 च्या महायुद्धात गावातले किती जण गेले, हे सांगणारी शिळा महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत आहे. फ्रान्समध्ये, मेसोपोटेमियात आपली ती पोरं परकीच होती. तिथून सुरुवात करता येईल.

माझ्या वर्गात काही चमत्कार झाला नाही. ‘भय्या’ हा शब्द मधल्या सुट्टीत अजूनही कानावर येतो. फळ्यावर मात्र पुन्हा तसं कुणी लिहिलं नाही. आणि लिहिलंच, तर आता मी ते आधी मोठ्यानं वाचेन. पुसायचं काम नंतर.