मार्चमध्ये कासला फुलं का नसतात?

थंडी सरली की एक प्रश्न हमखास येतो: "वीकेंडला तंबू घेऊन कासची फुलं बघायला जाऊ का?" वसंत म्हणजे फुलं, हे आपल्या डोक्यात शाळेपासून बसलंय ना. पण मार्चमध्ये कासला गेलात तर वाळलेलं गवत आणि तापलेला कातळ दिसेल. आणि पठारावर तंबू तर कुठल्याच महिन्यात टाकायचा नाही. का, तेच आज समजून घेऊ.

सातारा शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचं पठार आहे. आपल्याकडे अशा सपाट माथ्याला सडा म्हणतात. खाली जांभा दगड आणि वर मातीचा अगदी पातळ थर, काही ठिकाणी जेमतेम बोटभर. एवढ्याशा मातीत मोठं झाड मूळ कुठे धरणार? त्यामुळे सावली नाही, आणि छोट्या रोपांना सगळी जागा मोकळी मिळते.

पण या रोपांची डेडलाइन फार कडक असते. जूनमध्ये पाऊस आला की रुजायचं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलायचं आणि माती सुकायच्या आत बी टाकून मोकळं व्हायचं. तेरडा, सोनकी यांचा हा हंगाम तीन-चार महिन्यांत आटोपतो. वायतुरा जमिनीतला कंद सांभाळून पुढच्या पावसाची वाट बघतो. त्याच्या शास्त्रीय नावातच 'सातारेन्सिस' आहे, म्हणजे आपल्या साताऱ्याचा!

मातीत नायट्रोजनही कमी. मग दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडते, आणि सीतेची आसवं ही नाजूक जांभळी फुलं येतात त्या रोपाला ओल्या मातीत बारीक जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात. दिसायला गोड, पण शिकारी!

आता तंबूचा हिशोब करा. बोटभर मातीवर चार माणसं रात्रभर झोपली, खुंट्या ठोकल्या, की माती दबते, कंद आणि बिया चिरडतात. तो थर पुन्हा तयार व्हायला फार मोठा काळ लागतो. सेल्फीसाठी वाटेबाहेर टाकलेलं एक पाऊलही तेच करतं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यात कास आहे. हंगामात रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते, तीही याचसाठी. म्हणून बुकिंग करून जा, आखलेल्या वाटेवरून चाला आणि मुक्काम पठाराखाली करा.

मग वसंतात घरीच बसायचं का? अजिबात नाही! फक्त नजर जमिनीवरून उचलून झाडांवर न्यायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये सातारा-सांगलीच्या डोंगरउतारांवर पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पानं गळलेली असतात, त्यामुळे लाल-केशरी फुलं लांबूनही दिसतात आणि मधासाठी मैना, बुलबुल, सूर्यपक्षी गर्दी करतात. महाबळेश्वरकडे गेलात तर अंजनीच्या फांद्यांना चिकटलेले निळे-जांभळे झुबके बघा.

पाऊस नसताना यांना हे जमतं कसं? मुळं खोल जातात, पाणी तिथून मिळतं. आणि मार्चमध्ये फुललं की मेपर्यंत बी तयार, जूनच्या पहिल्या पावसात रुजायला सज्ज. काटेसावरीची म्हातारी उडताना पाहिलीय ना? कापसात गुंडाळलेलं तिचं बीच ते.

सांगलीकरांना ही झाडं बघायला सागरेश्वर अभयारण्य जवळ आहे. शिराळ्याच्या बाजूला चांदोली आहे, पण ते राष्ट्रीय उद्यान आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. तंबूच टाकायचा असेल तर गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या मोकळ्या रानात टाका.

फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या दिवसांत गवत कडक वाळलेलं असतं. डोंगरावर शेकोटी, उघडी चूल, सिगारेट काही नको. एक ठिणगी उडाली की वणवा पेटतो. त्यात गवतावरची घरटी, कोवळी रोपं आणि गावकऱ्यांनी जनावरांसाठी राखलेला चारा, सगळं जातं. जेवण घरून बांधून न्या, भाकरी-ठेचा थंडही मस्तच लागतो!

तर या महिन्यात पळस बघून या, आणि कासच्या बुकिंगसाठी ऑगस्टमध्ये मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेवा. भेटू पुढच्या भागात!