तीन ताटांचा हिशेब

असरची नमाज झाली की मिरजेतल्या त्या घरात ओट्यावर इफ्तारची ताटं मांडली जातात. खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी आणि वर क्रोशाचा रुमाल. एक घरचं, तीन मैत्रिणींची, वर्षानुवर्षांचा हिशेब. यंदा घरचं ताट भरलं आणि अम्मींचा हात थांबला.

शेजारच्या काकू वाडा पाडल्यावर मुलाकडे पुण्याला गेल्या. दिवाळीला फराळ घेऊन येणाऱ्या या काकूंना शिरखुर्म्यात खारीक जास्त लागायची. दुसरी, लहानपणापासूनची मैत्रीण, गेल्या पावसाळ्यात अल्लाहला प्यारी झाली. तिसरी दोन गल्ल्या पलीकडेच राहते. पण भिशीच्या एका हप्त्यावरून अम्मी तिला चारचौघींत टाकून बोलल्या. त्याला आठ महिने झाले.

मुलं म्हणतात, "अम्मी, आम्ही आहोत ना!" आहेत, खरंच आहेत. पण याच मुलांच्या तापात, परीक्षेत, लग्नाच्या काळजीत जिच्यापाशी रडायचं, ती मैत्रीण होती. ती जागा मुलांना कशी भरता येणार?

हजरत खदीजा (र.) यांच्या निधनानंतरही प्रेषित मुहम्मद (स.) बकरी कापली की तिचे वाटे खदीजांच्या मैत्रिणींकडे आवर्जून पाठवत, असं हजरत आयेशा (र.) सांगतात. माणूस गेलं तरी त्याच्या मैत्रीचा मान राहतो. अबोल्याबद्दलही हदीस स्पष्ट आहे: तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये; दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो. रोजा केवळ पोटाचा नसतो, जिभेचाही असतो.

अम्मींनी त्या दिवशी पुन्हा ताटं भरली. एक गेलेल्या मैत्रिणीच्या सुनेकडे गेलं. काकूंना फोन लागला. "खारीक घालून पाठव गं," म्हणत त्या हसल्या आणि मग दोघीही गप्प झाल्या. तिसरं ताट मुलीच्या हाती न देता अम्मी स्वतः घेऊन गेल्या. दार उघडलं. "अस्सलामु अलैकुम. चूक माझी होती," एवढंच त्या बोलल्या. सलामाचं उत्तर आलं, ताट आत गेलं, तेवढ्यात अजान झाली.

ताट अजून परत आलेलं नाही. पण शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नसतं, हे दोघींनाही ठाऊक आहे. अम्मी रोज इफ्तारच्या आधी दाराकडे एकदा पाहतात.