ऑरगॅनिकमध्ये केटी लागलीय? आधी फोटोकॉपी मागवा

बीएस्सीच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीने भल्याभल्यांना घाम फोडलाय. केटी लागली की मुलं लगेच ठरवून टाकतात, ‘हा विषय आपल्याला झेपणारा नाही.’ इतकी घाई नको! आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा (मुदत फार नसते) आणि मार्क नेमके कुठे गेले ते बघा. बरेचदा प्रॉडक्ट बरोबर असतं, मेकॅनिझममधला बाण उलटा असतो.

बाण इलेक्ट्रॉन असतात तिथूनच निघतो. ब्रोमोमिथेनवर हायड्रॉक्साइडची एसएन२ क्रिया घ्या. पहिला बाण ऑक्सिजनच्या लोन पेअरपासून कार्बनकडे, दुसरा कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. हायड्रॉक्साइड येतो तो ब्रोमीनच्या बरोबर विरुद्ध बाजूने. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडमध्ये तीच वाट तीन मिथाइल गट अडवतात, म्हणून तिथे एसएन२ होत नाही. हे एवढं कळलं तरी पाठांतराचं निम्मं ओझं उतरतं.

आणि नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं कमी करा, कृपया. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006च्या प्रयोगात उतारा नुसता पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर त्यांना सुमारे 42 टक्केच आठवत होतं. एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के! म्हणजे आदल्या रात्री ‘सगळं येतंय’ असं वाटतं, ते फसवं असतं.

वही मिटा, कोऱ्या कागदावर मेकॅनिझम काढा, अडलात ती पायरी घेऊन सरांना किंवा मॅडमना गाठा. ‘काहीच कळत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘हा बाण इथून का?’ असं विचारा.