पाटी दिसली, पण वाचता आली का?

लकडगंजात लाकूड घ्यायला जाणारा माणूस पाट्या वाचत नाही, असा आमचा समज होता. आरा मशीनचा आवाज, टालीत रचलेले सागवान, ओळखीचा मिस्त्री, एवढ्यावर व्यवहार होतो असे आम्हाला वाटे. आमच्या घरच्याच एका होतकरू मुलाने त्या भागात छोटे दुकान थाटले आणि हा समज दूर झाला.

उसनवारी करून त्याने दहा फुटी फ्लेक्स आणला. वर दुकानाचे नाव, मध्ये सोफा, पलंग, कपाट यांची चित्रे, कोपऱ्यात स्वतःचा हसरा फोटो, खाली लाल पट्टीत फोन नंबर. पट्टीच्या वरच 'सर्व प्रकारचे सुतारकाम' अशी ओळ होती. चार दिवसांनी घरातली सातवीतली मुलगी म्हणाली, "दादा, तू सतार कधी शिकलास?" लाल पट्टीने 'सु'चा उकार गिळला होता! सुतारकामाचे सतारकाम झाले आणि उसने पैसे फुकट गेले.

छापणाऱ्याने ओळीची उंची इंग्रजी अक्षराच्या मापाने धरली होती. इंग्रजीतले बरेचसे अक्षर ओळीत मावते. आपल्या अक्षराला शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार असतो आणि पायाखाली उकार. म्हणून मराठी ओळींत अंतर जास्त ठेवावे लागते. इंग्रजीत अक्षरे सुटी-सुटी पसरवण्याची फॅशन आहे. तीच मराठीला लावली की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. सावली आणि जाड कडा दिल्या तर 'क्ष', 'द्ध' यांची पोटे बुजून काळे ठिपके उरतात.

पाट्यांचा प्रश्न आता कायद्याचाही आहे. २०२२ साली महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी नाव लिहिणे बंधनकारक झाले आणि ते अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले. पाट्या लागल्या. पण कायदा अक्षराची उंची मोजतो. ते वाचता येते की नाही हे गिऱ्हाईकच ठरवते.

रंगाचेही तसेच. वेबपानांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत लहान अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडात किमान ४.५ ला १ इतका फरक असावा असे सांगितले आहे. पांढऱ्यावर पिवळे लिहिले तर तो जेमतेम १ च्या वर जातो. उन्हात फोन धरून पाहणाऱ्या नागपूरकराला हे आकड्यांनी सांगायची गरज नाही.

आता दुकानाची खरी पाटी फोनमध्येच आहे. १९२० साली पैसे देऊ करूनही 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. आज जागेसाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. मग ती अशी का दवडायची? आमच्या मुलाने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फोनवर टाकला, तर समोरच्याला नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसली. म्हणून त्याने सगळे चित्रातच कोंबले. पण चित्रातला मजकूर शोधणाऱ्याला सहसा सापडत नाही आणि चित्रातल्या नंबरावर बोट ठेवले तरी फोन लागत नाही. नाव, काम, पत्ता आणि नंबर युनिकोडमध्ये अक्षरांनीच लिहावा. चित्र वेगळे जोडावे.

अक्षरे विकत घ्यावी लागतात असेही नाही. विंडोज २००० पासून संगणकात आलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' फुकट मिळतो, बारीक ते जाड अशा अनेक वजनांत. एकाच फॉन्टची दोन वजने छोट्या दुकानाला पुरतात. पाच फॉन्ट, सात रंग हा आमच्या मते पैशाचा नव्हे, धीराचा अभाव आहे. हल्ली यंत्राकडून आयते पोस्टर करून घेण्याची लाट आहे. चित्र झकास निघते, पण त्यातली जोडाक्षरे एकदा मोठ्याने वाचून पाहा! घरातल्या शाळकरी मुलामुलींना हे काम द्यावे. त्यांची नजर आपल्यापेक्षा तिखट असते.

नवी पाटी गेल्या महिन्यात लागली. पांढऱ्यावर गडद निळे अक्षर, वर नाव, मध्ये 'सुतारकाम', खाली नंबर. छापण्याआधी नमुना रस्त्याच्या पलीकडे धरून आजीकडून वाचून घेतला. सोफा, पलंग, कपाट सगळे गेले. स्वतःचा फोटो मात्र पठ्ठ्याने काढू दिला नाही.