वांकड्या पावलाची पूर्वयोजना

मनुष्याच्या एका पावलांत २६ हाडें असतात. तीं इतक्या कुशलतेनें रचलेलीं आहेत कीं, देहाचा भार वाहत असतांही चालणाऱ्यास त्यांची आठवण होत नाहीं. परंतु टाच आंत वळली म्हणजे मनुष्य पावलाच्या बाहेरील कडेवर चालूं लागतो. कातडीस घट्टे पडतात व चालणें दुःसह होतें. अशा वेळीं हाड कापून पाऊल सरळ करावें लागतें. तें कोठें व किती कापावें, हें शस्त्र हातीं घेण्यापूर्वीं कसें ठरवितात, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

१८९५ सालीं राँटजेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लाविला. त्या किरणांचें साधें चित्र म्हणजे सावलीच होय. दिव्यासमोर मूठ धरिली असतां भिंतीवर बोटें एकमेकांत मिसळतात. तशींच या चित्रांत पावलाचीं हाडें एकावर एक पडतात, आणि वांक किती व पीळ किती, हें नीट उमगत नाहीं. पुढें १९७१ मध्यें लंडन येथें हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें प्रथमच एका रुग्णाच्या मस्तकाचें चित्र घेतलें. हें यंत्र शरीराचे पातळ छेद दाखवितें. संगणक ते जोडून लांबी, रुंदी व जाडी असलेली आकृति सिद्ध करितो. कांहीं यंत्रांत रुग्णास उभें करूनच चित्र घेतात; कारण भार पडल्यावांचून पावलाचें खरें व्यंग प्रकट होत नाहीं.

मग शल्यवैद्य त्या आकृतीवरच हाड कापून पाहतो, पाचर काढितो, तुकडा फिरवितो. मनास न पटल्यास पुन्हा आरंभ करितो. दुसरें पाऊल निर्दोष असल्यास त्याचें आरशांतल्यासारखें प्रतिबिंब नमुना म्हणून घेतां येतें. ठरलेल्या मापाचा खांचेचा साचा त्रिमिति-मुद्रणानें बनवून तो शस्त्रक्रियेच्या वेळीं हाडावर बसवितात, व त्या खांचेंतूनच करवत चालवितात.

तथापि स्नायूंचा ताण व कातडीची स्थिति या आकृतींत पुरती उतरत नाहीं. तेथें शल्यवैद्याचा अनुभवच उपयोगीं पडतो. शिवाय प्रत्येक वांकडें पाऊल कापावें लागतें, असेंही नव्हे. जन्मतः वळलेलें तान्ह्या बाळाचें पाऊल डॉ. पोन्सेटी यांच्या रीतीनें, दर आठवड्यास प्लास्टर बदलीत, बहुधा हाड न कापतां सुधारतें. यास्तव पालकांनीं विलंब करूं नये.

शिंपी कात्री लावण्यापूर्वीं खडूनें रेघा आखतो. त्याचें कापड चुकलें तर दुसरें आणितां येईल. हाडाचें तसें नाहीं. म्हणूनच येथें चुकायचें तें आकृतीवर चुकावें, रुग्णाच्या देहावर नव्हे, हेंच या सर्व खटाटोपाचें सार होय.