ग्वाल्हेर किती अक्षरांचं?

‘ग्वाल्हेर’ या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं पोर बोटांवर मोजून तीन सांगेल: ग्वा, ल्हे, र. संगणक नऊ सांगतो. त्याच्या लेखी ग, पायमोडीचं चिन्ह, व, काना, ल, पुन्हा पायमोडी, ह, मात्रा आणि र हे नऊ स्वतंत्र संकेत आहेत. अक्षरांचे संकेत ठरवणाऱ्या युनिकोड या मानकाच्या २०२३ पर्यंतच्या नियमानं मोजलं, तर उत्तर यायचं पाच: ग्, वा, ल्, हे, र.

तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. वेबपानावरच्या ज्या चौकटीत आपण मजकूर लिहितो, ठळक करतो, याद्या घालतो, त्या ‘रिच टेक्स्ट एडिटर’ला ती एकाच वेळी सांभाळावी लागतात. शिवाय यातलं कुठलं उत्तर कधी बदलेल, हे एडिटरच्या हातात नसतं. म्हणूनच हा घटक एकदा लिहून हातावेगळा होत नाही.

बॅकस्पेसचा न्याय

बाणाची कळ दाबली की कर्सर जोडाक्षराच्या मधे थांबू नये, अशी आपली अपेक्षा असते. ‘डिलीट’ दाबलं तर पुढचं अख्खं अक्षर जातं. ‘बॅकस्पेस’चा न्याय मात्र वेगळा: देवनागरीत ती बहुतेक ठिकाणी एकच संकेत खोडते. ‘ल्हे’वर ती दाबली तर आधी फक्त मात्रा जाते. हे सोयीचंच आहे, कारण चुकते ती बहुधा मात्रा. तेवढ्यासाठी सगळं जोडाक्षर पुन्हा कोण लिहील? रोमन लिपीत एक कळ, एक संकेत, एक अक्षर हे गणित सहसा जुळतं. त्याच हिशेबानं एडिटर लिहिला, तर मराठी मजकुरात कर्सर भलतीकडे जातो.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली. देवनागरी, बंगाली, गुजराती अशा काही लिप्यांतली जोडाक्षरं मोजताना तोडू नयेत, असा नियम तिनं घातला. ब्राउझरांनी तो जसा स्वीकारला, तशी ‘ग्वाल्हेर’ची मोजणी पाचावरून तीनवर आली. ब्राउझरच्या मोजणीवर विसंबलेल्या एडिटरमध्ये एक ओळही न बदलता अक्षरमर्यादेजवळचा आकडा बदलला.

एक नुक्ता, दोन वाटा

ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं. त्या लष्करातल्या नई सडकेवर मराठी माणसाला दिवसभर दोन्ही भाषा लागतात. हिंदीतल्या ‘सड़क’मध्ये डखाली नुक्ता, म्हणजे टिंब, असतो, मराठी ‘सडक’ त्याविना चालते. हा नुक्तेवाला ड़ दोन प्रकारे साठवता येतो: एका संकेतात, किंवा ड आणि नुक्ता अशा दोन संकेतांत. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण साधा शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसरा निसटतो.

यावर उपाय म्हणजे मजकूर एका ठरावीक रूपात आणणं. युनिकोडचं सर्वाधिक वापरातलं रूप ड़ फोडून दोन संकेत करतं. मराठीतल्या ‘दऱ्या’मधल्या ऱ चं तेच रूप नेमकं उलट करतं: र आणि नुक्ता वेगळे आले असतील, तर त्यांचा एक संकेत बनवतं. एकाच परिच्छेदात दोन्ही असले, की काही ठिकाणी संकेत वाढतात, काही ठिकाणी घटतात. ठळक केलेला भाग कितव्या संकेतापासून सुरू होतो याची नोंद एडिटरनं त्याच वेळी सुधारली नाही, तर ठळकपणा शेजारच्या अक्षरावर सरकतो.

एका पानाचे दोन मालक

वेबपानाचा एखादा भाग थेट लिहिता येण्याजोगा करण्याची सोय २००० साली इंटरनेट एक्सप्लोररच्या ५.५ आवृत्तीत आली. तिथे मजकूर ब्राउझर बदलतो. वेबपानं बांधायला वापरली जाणारी रिॲक्टसारखी फ्रेमवर्क मात्र पानाची मालकी स्वतःकडे घेतात आणि माहिती बदलली की तो भाग पुन्हा रंगवतात. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करताना शब्द काही क्षण अर्धवट असतो; नेमकं तेव्हा फ्रेमवर्कनं पान रंगवलं, तर अक्षरं दुहेरी उमटतात किंवा कर्सर ओळीच्या सुरुवातीला उडी मारतो. म्हणून जाणते एडिटर मजकुराचा स्वतःचा आराखडा ठेवतात आणि फ्रेमवर्कला त्या चौकटीबाहेर थांबवतात.

तरीही खालची जमीन सरकत राहते. ‘क्विल’ या लोकप्रिय एडिटरची जुनी १.३ आवृत्ती ब्राउझरची एक जुनी सोय वापरत होती. क्रोमनं ती जुलै २०२४ मध्ये १२७व्या आवृत्तीत काढून टाकली. क्विलला रिॲक्टशी जोडणारा ‘रिॲक्ट-क्विल’ हा घटक रिॲक्टच्या ज्या आज्ञेवर उभा होता, ती डिसेंबर २०२४ च्या १९व्या आवृत्तीत गेली. दोन्ही सोयी जुन्या झाल्याच्या सूचना आधीपासून येत होत्या. पण सूचना वाचून वेळेत दुरुस्ती करायला कोणीतरी लागतं, आणि अशा मुक्तस्रोत प्रकल्पांत ते काम बहुधा मोजकी माणसं फावल्या वेळात करतात.

त्यांतल्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. म्हणून ‘मराठी नीट टाइप होत नाही’ एवढ्या तक्रारीतून काही निघत नाही. कोणता शब्द, कोणता कळफलक, कोणता ब्राउझर, कोणती कळ दाबल्यावर काय झालं, हे सांगितलं तर दोष त्यांना स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवता येतो. मग ‘दऱ्या’ किंवा ‘सड़क’ हा शब्द कायमचा चाचणीत बसतो, आणि यंत्र तो प्रत्येक नव्या आवृत्तीआधी तपासतं. लिपी न कळणाऱ्या माणसालाही ती लिपी सांभाळता येते ती अशा चाचण्यांमुळे; त्यासाठी शब्द मात्र ती लिपी रोज लिहिणाऱ्यानंच पुरवायला हवेत.