केसपेपरवर विडीचा रकाना हवा

आमच्या वस्तीतील एका काकांना खोकल्यासाठी मी तीनदा दवाखान्यात नेले. दर वेळी केसपेपर निघाला, ब्लडप्रेशर तपासले, औषधाची बाटली मिळाली. खिशातल्या विडीबंडलाबद्दल मात्र कुणीच विचारले नाही. चौथ्या खेपेस एका सिस्टरने विचारले, "काका, विडी ओढता का?" काका ओशाळून म्हणाले, "दिवसाला एक बंडल." "सोडायची इच्छा आहे?" काकांनी मान हलवली. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना प्रथमच विचारला गेला होता!

मी पेशाने कारकून. कागदावर ज्याला रकाना असतो तेच विचारले जाते, हा रोजचा अनुभव. क्षयरोग्याच्या उपचार कार्डावर तंबाखूची नोंद होते. मग साध्या खोकल्याच्या केसपेपरवर का नको? २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणानुसार, डॉक्टरांकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच ते सोडण्याचा सल्ला मिळाला होता.

नुसत्या सांगण्याने काय होते, असे कुणी म्हणेल. लंडनमध्ये डॉ. मायकेल रसेल व सहकाऱ्यांनी २८ फॅमिली डॉक्टरांच्या दोन हजारांवर रुग्णांची पाहणी करून १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे सल्ला दिला, माहितीपत्रक दिले व पुन्हा चौकशी करू असे बजावले, त्यांच्यापैकी शेकडा ५.१ वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिले. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ०.३ होते. आकडा लहान वाटेल. पण खर्च दोन मिनिटांचा आणि जमेस माणसाचा जीव! असा हिशेब कोणत्या वहीत सापडेल?

पद्धत सोपी आहे. दर भेटीत विचारावे. स्पष्ट पण प्रेमाने सांगावे. रागावल्यास रुग्ण पुढच्या वेळी लपवतो. विडी पानाची म्हणून कमी घातक, हा गैरसमज दूर करावा. सोडण्याची तारीख ठरवावी. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, तलफ येते. हे आधीच सांगावे. गरजेप्रमाणे निकोटिनचे च्युइंगगम वा औषध डॉक्टरांनी सुचवावे. आणि पुढच्या खेपेस आठवणीने चौकशी करावी.

काकांनी तारीख ठरवून विडी सोडली. पुतण्याच्या लग्नात घसरले. सिस्टर रागावल्या नाहीत; त्यांनी केसपेपरवर नवी तारीख लिहिली. ती मात्र काकांनी पाळली.

बंधू-भगिनींनो, दवाखान्यात कुणी विचारले नाही तर आपणच सांगा, "मी विडी ओढतो, सोडायची आहे, मदत करा." १८००-११-२३५६ या शासकीय क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. घरच्यांनी टोमणे न मारता सोबत जावे. रकाना छापला जाईल तेव्हा जाईल. तोवर तो आपल्या तोंडाने भरू या.